धक्क्यावरचा अराली

रुवेंगो, फोर्ट पोर्टलजवळ
९ जानेवारी १९९३

चि. अराली यास,
आईचे अ. उ. आ.

कसा आहेस, हे विचारायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी विचारते. मी गुडघा सोडून बरी आहे.

मिठाच्या गाडीवरचा ड्रायव्हर परवा आपल्या फाट्यावर सांगत होता, तळ्याकाठच्या उद्यानात, काझिंगाच्या धक्क्यावर, अराली नावाचा एक तरुण आहे. गोऱ्या लोकांना होडीत बसवून पक्षी दाखवतो आणि पक्ष्यांचे आवाज काढतो. मी हातातलं सूप तिथंच खाली ठेवलं. पक्ष्यांपायी घर सोडणारा अराली दुसरा कोण असायचा?

तीन वर्षं झाली. त्या सकाळी तू पिशवी घेऊन अंगणात उभा होतास. माझं लाडनाव घेऊन म्हणालास, अब्वोली, निघतो. आणि थांबलास. मी अराली हे तुझं लाडनाव घेऊन निरोप देईन म्हणून थांबलास, ते मला कळत होतं. मी घेतलं नाही. चहाच्या कारखान्यातली नोकरी लाथाडून तू पक्षी मोजायला निघालास, त्याचा राग डोक्यात होता. मी हजेरीपटावरचं नाव घेतलं. कुगोन्झा, जा, म्हटलं. आपल्यात वाटसरूला पाणी देतानासुद्धा आधी त्याचं लाडनाव विचारतात, आणि मी पोटच्या पोराला पटावरच्या नावानं वाटेला लावलं.

तांबड्या गाईला कालवड झाली. वाऱ्यानं केळीची बाग आडवी केली होती, ती मी एकटीनं टेकू लावून उभी केली. तुझ्या वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढलं.

ये म्हणत नाही. एक ओळ लिही. जो धागा मी तोडला, त्याला गाठ तू मारावीस, एवढंच मागणं.

तुझी आई,
अब्वोली


काझिंगाचा धक्का
२४ जानेवारी १९९३

ती. अब्वोली मावशींस,
अरालीचा शि. सा. न. वि. वि.

मी तुमचा अराली नाही. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, कारण मला एका गोष्टीवरून दुसरीवर जायची खोड आहे आणि मग मुख्य गोष्ट राहून जाते. मास्तर म्हणायचे, इरुंबाला पाण्याला पाठवलं तर तो आगीची बातमी घेऊन येतो. इरुंबा म्हणजे मीच, पटावरचा. सहावीपर्यंतच्या पटावरचा, पुढच्या पटावर नाही.

तुमचं पत्र मी फोडलं. पाकिटावर ‘अराली, होड्यांचा धक्का’ एवढंच होतं आणि धक्क्यावर सध्या अराली मी एकटाच आहे. ‘चि. अराली’ वाचून बरं वाटलं. मग ‘आईचे’ हा शब्द आला. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. तिथंच कागद मिटायला हवा होता. नाही मिटला. शेवटपर्यंत वाचलं, आणि खोटं कशाला सांगू, चार वेळा वाचलं. मला पत्र येत नाही, मावशी. होईमाकडं एक मामा आहे, पण त्याला वाटतं मी अजून विटांच्या भट्टीवर आहे. त्यानंतर मी चहाच्या ट्रकवर होतो, मग कात्वेच्या मिठागरात आठ महिने कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात, आणि आता सात महिने इथं. माझ्या पायांना एक जागा मानवत नाही.

बघा, पुन्हा भलतीकडं गेलो. कुगोन्झाबद्दल मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच ते नाव माहीत नाही. आमचा सुकाणूवाला अतेन्यी, साठीचा असेल, म्हणाला की पटावरची नावं कायमच्या नोकरांना असतात, आपण रोजंदारीवाले लाडनावावरच जगतो आणि लाडनावावरच मरतो. आता आपल्यात लाडनावं सगळी मिळून बारा. हाक मारली की चार जण वळतात. पण मी शोधतो.

तुमचं पत्र परत पाठवत आहे. कागदावरचा मिठाचा डाग माझ्याकडून पडला. राग नसावा, आणि थोडी जागा मनात असेल तर तीही असावी.

आपला,
अराली (दुसरा)


रुवेंगो
१४ फेब्रुवारी १९९३

अराली (दुसरा) यास,
अ. उ. आ.

दुसऱ्याचं पत्र फोडलंस आणि वर चार वेळा वाचलंस. तुझ्या मास्तरांनी छडी कमी वापरली. पण खरं सांगितलंस, म्हणून आशीर्वाद लिहिला आहे, नाहीतर नुसतं नाव लिहिणार होते.

ड्रायव्हरला मी फाट्यावर गाठलं. तो म्हणाला, अराली म्हणजे अराली, मला काय त्याची जन्मकुंडली माहीत. त्याचंही बरोबर आहे.

आता नीट वाच आणि इकडंतिकडं जाऊ नकोस. माझा मुलगा आता अठ्ठावीसचा असेल. उंच, किंचित वाकून चालणारा, कारण लहानपणापासून खाली बघून पिसं शोधायची सवय. डाव्या हातानं लिहितो. डाव्या कानाची पाळी बकरीनं चावून थोडी तुटली आहे. कमी बोलतो, तुझ्यासारखा नाही. तो पक्ष्यांच्या मागे गेला म्हणजे तुमच्या तळ्याकडंच गेला असणार, तिथल्यासारखे पक्षी दुसरीकडं नाहीत, असं तो जेवताना सांगायचा आणि मी म्हणायचे, आधी ताटात बघ.

मला जास्त काही नको आहे. तो कुठं आहे ते कळलं, म्हणजे मी त्याला त्याच्या लाडनावानं एक पत्र घालीन. मग त्यानं यावं न यावं.

तुला जेवायला कोण घालतं? मिठागरात काम केलेल्यांच्या पायांना भेगा पडतात. लोणी लाव. माझ्याजवळ असतास तर लावून दिलं असतं, पण तू जवळ नाहीस आणि मुलगाही नाहीस, तेव्हा स्वतःच लाव.

शोध लागेपर्यंत तरी आठवण ठेवावी.

अब्वोली


काझिंगाचा धक्का
२१ मार्च १९९३

ती. अब्वोली मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

लोणी लावलं. अतेन्यीनं वास घेतला आणि म्हणाला, आज होडीत लग्नाचा पाहुणा बसलाय की काय.

आधी कामाचं. मी अतेन्यीला विचारलं, माझ्याआधी इथं दुसरा अराली होता का. तो दोरीची गाठ सोडत होता. बराच वेळ सोडत राहिला, आणि ती गाठ काही अवघड नव्हती. मग म्हणाला, होता एक, पलीकडच्या काठाला गेला. तो काठ म्हणजे काँगोची बाजू. कानाचं विचारलं तर म्हणाला, मी काय लोकांचे कान बघत बसतो. तर तो पलीकडं असू शकेल. तिकडून मासळीची होडी येते, तिच्यावर निरोप देऊन ठेवला आहे.

सध्या पाहुण्यांची गर्दी आहे. सकाळी त्यांना गाडीतून गवताळ रानात नेतात, हत्ती आणि रानरेडे दाखवतात, सिंह दिसला तर दिवस सोन्याचा. दुपारी आमच्या हवाली करतात. परवा एक म्हातारं गोरं जोडपं आलं. सिंह नकोत, हत्ती नकोत, नुसते पक्षी. बाईंच्या हातात यादी, नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण. तो बघायचा आणि ती खूण करायची. दोन तासांत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, पण तिनं हात पुढं केला की तो दुर्बीण द्यायचा. मला ते बघत राहावंसं वाटलं, त्यामुळे दोन खंड्या पक्षी दाखवायचे राहिले.

तुम्ही म्हणाल, सहावी नापासाला एवढे पक्षी कसे ठाऊक. खरं सांगतो, माझी अक्कल नाही. होडीच्या फळीखाली एक पत्र्याचा डबा आहे, त्यात एक जाड वही आहे. जाळं, बादली, वही, सगळं होडीचंच असतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. त्यात एकेक पक्षी आपल्या भाषेत लिहिला आहे, कुठं बसतो, केव्हा येतो, काय बोलतो. ते ‘काय बोलतो’ फार भारी आहे. छातीवर तांबूस पट्टा असतो तो कोकीळ घ्या, तीन उतरते सूर काढणारा. सगळे म्हणतात तो पावसाला बोलावतो. वहीत लिहिलं आहे, तो म्हणतो, ‘म्हातारी, निजली, खा.’ मी ते गोऱ्या बाईंना समजावून सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की यादी पाण्यात पडली. अतेन्यी मात्र हसला नाही. म्हणाला, तो डबा जागच्या जागी ठेव.

पलीकडून निरोप आला की लगेच कळवीन. तोवर मला रागवत राहावं. ते पत्रातून ऐकायला बरं वाटतं.

तुमचा,
अराली


रुवेंगो
११ एप्रिल १९९३

चि. अराली यास,
अ. उ. आ.

ते वाक्य माझं आहे.

माझी सासू दुपारी निजली की मी चुलीपाशी बसून भांड्याच्या बुडाची नाचणी खरवडून खायचे. मला ती पोटभर वाढत नसे. बाहेर तो पक्षी ओरडायचा आणि मांडीवरच्या पोराच्या कानात मी त्याचे तीन सूर लावून द्यायचे. म्हातारी, निजली, खा. सासू जाऊन वीस वर्षं झाली, तरी हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही की शेजारणीजवळ. जगात ते दोघांनाच ठाऊक आहे, एक मी आणि एक तो.

वही त्याची आहे. आपली वही टाकून तो पलीकडच्या काठाला जाणार नाही. पक्ष्यांसाठी ज्यानं आई टाकली, तो पक्ष्यांची वही टाकील?

अतेन्यीला पुन्हा विचार. म्हणावं, रुवेंगोची अब्वोली विचारते आहे, आणि ती गाठ सोडेपर्यंत थांबणारी बाई नाही. वहीच्या शेवटच्या पानावर काय आहे ते जसंच्या तसं उतरवून पाठव.

तुझ्यावर राग नाही. पण या वेळी भलतीकडं जाऊ नकोस.

अब्वोली


काझिंगाचा धक्का
१९ मे १९९३

ती. अब्वोली मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. गाडी आली नव्हती असं लिहिणार होतो, पण ती पाचदा येऊन गेली.

इथं पाऊस थांबला. कालव्याच्या काठावर खंड्यांनी बिळं पाडली आहेत, शेकडो. एक पाणघोडा वयात आलेल्या पोरांनी कळपाबाहेर काढला आहे, तो आमच्या धक्क्याशी येऊन एकटाच पडून असतो आणि होडी आली की सरकून जागा देतो. अतेन्यी त्याला काका म्हणतो. तुम्ही सांगितलं होतं भलतीकडं जाऊ नको. मला ते आठवतं आहे, मावशी. मी मुद्दाम जातो आहे.

अतेन्यीला मी तुमचे शब्द वाचून दाखवले. तो होडीत खाली बसला. म्हणाला, ही बाई आहे म्हणजे. शेवटी आम्हाला वाटलं त्याला कुणीच नाही.

वही तुमच्या मुलाचीच. अक्षर डावीकडं झुकलेलं आहे आणि कान अतेन्यीनं पाहिला होता. त्याला इथं सगळे अराली म्हणत. घर विचारलं की तो म्हणायचा, उत्तरेला. पटावरचं नाव विचारलं की म्हणायचा, ते नाव मी घेत नाही. चेष्टेत म्हणतो असं यांना वाटायचं.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात, कालवा तळ्याला मिळतो तिथल्या वाळूच्या पट्टीवर पाणचिरे उतरले होते. हा पक्षी खालची चोच पाण्यात बुडवून उडतो, विळ्यानं कापावं तसं पाणी कापतो. तुमचा अराली ते मोजायला दुपारी लहान होडीतून एकटा गेला. अतेन्यी म्हणाला होता, वारा बघ. तो म्हणाला, पाहुणे आले की ते उडून जातील, आत्ताच मोजतो. वारा डोंगराकडून उतरला. संध्याकाळी होडी सापडली, पालथी. डबा मोठ्या होडीतच राहिला होता.

कोळ्यांच्या गावानं चार दिवस जाळी टाकली नाहीत. तळ्यानं माणूस ठेवून घेतला की तो परत मिळेपर्यंत त्यातलं अन्न काढायचं नाही, अशी इथली रीत. चार दिवस चाळीस होड्या शोधत होत्या. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यांनी केळीचा खांब कापला, त्याला कापडात गुंडाळलं आणि त्याच्या जागी पुरलं, काठावरच्या निवडुंगाखाली. मी ती जागा पाहिली आहे. तिच्यावर बसून मी जेवत असे. मला माहीत नव्हतं.

निरोप का आला नाही, ते अतेन्यीनं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हरबरोबर सांगून पाठवलं की उत्तरेकडं अरालीच्या घरी कळवा, तुमचा अराली तळ्यात गेला. निरोप तीन गावं फिरला. एका घरात तो पोचला, त्यांचाही अराली घराबाहेर होता. बायकांनी केस सोडले, शेजारी जमले, आणि संध्याकाळी त्यांचा अराली केळीचा घड खांद्यावर घेऊन बाजारातून घरी आला. त्या लोकांनी निरोप्याला काठीनं बडवलं. त्यानंतर तो निरोप न्यायला कुणी तयार होईना. अतेन्यी मला म्हणाला, पलीकडच्या काठाला गेला असं सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि मग तोंड फिरवलं.

शेवटचं पान असं आहे:

‘वाळूच्या पट्टीवर पाणचिरे. काल एकशे बारा. आज पुन्हा मोजायचे.’

यापुढं काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलं नाही.

अराली


रुवेंगो
६ जून १९९३

चि. अराली यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी केळी सोलत होते. पाकीट जाड होतं, म्हणून आधी सगळी सोलून घेतली. मग वाचलं.

तू उशीर केलास त्याचा राग नाही. मीही त्या वाक्यापासून जाणून होते. तरी महिनाभर रोज फाट्यावर जाऊन उभी राहत होते. गाडीवाला म्हणाला, मावशी, गुडघ्याला बरं दिसतंय. मी म्हटलं, हो, बरंच आहे.

कोळ्यांना जाऊन सांग, त्यांच्या चाळीस घरांत माझ्या मुलासाठी चार दिवस चुलीवर मासळी चढली नाही, हे अब्वोली मरेपर्यंत विसरणार नाही. अतेन्यीला सांग, त्यानं लपवलं त्याचं मला काही नाही; त्यानं वारा बघायला सांगितलं होतं, ते मी धरून ठेवलं आहे. आणि ज्या घरी चुकून रडारड झाली त्यांची मला आठवण येते. त्यांनी माझ्या मुलासाठी केस सोडले आणि मी त्या दिवशी इथं शेंगा निवडत बसले असेन.

त्याचं पटावरचं नाव त्यानं घेतलं नाही. माझ्या तोंडून ते ज्या तऱ्हेनं गेलं, त्यानंतर त्याला ते तोंडात धरवलं नसेल. तेच नाव तिथं एका माणसाला माहीत असतं तर निरोप माझ्या दारी आला असता. हे मी कुणाला सांगू? म्हणून तुला लिहिते. उत्तर देऊ नकोस.

दोन कामं कर. निवडुंगाखाली एक फळी रोव आणि तिच्यावर लिही: कुगोन्झा अराली, रुवेंगोच्या अब्वोलीचा. दुसरं, त्या वाळूच्या पट्टीवर जा आणि त्याला हाक मार. लाडनावानं. एकदाच. अंगणात राहून गेली ती हाक आहे. मी आले असते, पण माझा गुडघा फाट्यापर्यंतचाच आहे. माझा आवाज काढू नकोस, तुला सगळ्यांचे आवाज येतात हे मला ठाऊक आहे. तुझ्याच आवाजात मार.

पाय कसे आहेत?

अब्वोली


काझिंगाचा धक्का
११ जुलै १९९३

ती. अब्वोली मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

फळी रोवली. अक्षरं मी तापलेल्या सळईनं जाळून काढली, म्हणजे पावसानं जाणार नाहीत. ‘अब्वोलीचा’ लिहायला जागा कमी पडली, तेव्हा ते खालच्या ओळीत आहे. कोळणींनी तिथलं माझं जेवणाचं ठिकाण बंद केलं आहे. एक म्हणाली, निजलेल्या पाहुण्याच्या उरावर बसून मासे खातोस होय. मी म्हटलं, त्यानं इतके दिवस सांगितलं नाही.

तुमचा निरोप दिला. त्या बायकांनी जाळी खाली ठेवून तो ऐकला. एकीनं धुरावलेले मासे बांधून दिले आहेत, ते या गाडीवर आहेत. वासावरून ड्रायव्हर कुरकुर करील.

पट्टीवर सकाळी गेलो, पाहुणे यायच्या आधी, अतेन्यी आणि मी. पाणी सपाट होतं. पाणचिरे या दिवसांत थोडेच असतात. त्यांनी आम्हाला जवळ येऊ दिलं आणि मग सगळे एकदम उठले. मी सवयीनं मोजले. एकोणीस. अतेन्यीनं वल्हं वर घेतलं.

मी हाक मारली. मावशी, मला हे आधी सुचलं नव्हतं की ते माझंच नाव आहे. जन्मभर ते नाव बाहेरून ऐकलं, स्वतःच्या तोंडून कधी कुणासाठी काढलं नव्हतं. पाण्यावरून ते लांब गेलं, आणि पलीकडच्या वेतांना लागून थोडं परत आलं. आपलं लाडनाव कानावर पडलं की ओ द्यायची, नाही दिली तर भांडण धरतात, एवढं लहान पोरालाही माहीत असतं. माझ्या गळ्यात ओ येऊन उभी राहिली. मी तोंड मिटून घेतलं. ती हाक माझी नव्हती. आम्ही दोघं ओ येण्याची वाट बघत बसलो, जितकी बघायची तितकी. मग अतेन्यीनं टोपी घातली आणि म्हणाला, वर्षभरात तुला पहिल्यांदा गप्प पाहिला.

वही तुमची आहे. टपालात द्यायला धीर होत नाही. अतेन्यी म्हणतो, त्यानं कोणाला वही दिली असती तर तुलाच दिली असती, पण मला ते मागून घेतल्यासारखं वाटतं.

आता माझं. पायांच्या भेगा भरल्या आणि पाय पुन्हा वळवळायला लागले आहेत. एक ड्रायव्हर सांगत होता, मोठ्या तळ्याच्या दलदलीत बुटासारख्या चोचीचा पक्षी आहे, तो तासन्‌तास एका जागी उभा राहतो. मला बघायचा आहे, इतका वेळ एका जागी कसं उभं राहायचं ते. सोमवारची गाडी तिकडं जाते. वही कुठं ठेवून जाऊ ते कळवावं.

पुढचा पत्ता अजून नाही. तरी लोभाला पत्ता लागत नाही असं धरून चालतो.

तुमचा,
अराली


रुवेंगो
१६ जुलै १९९३

चि. अराली यास,
अ. उ. आ.

हे पत्र त्याच गाडीवर परत पाठवते आहे. ड्रायव्हरला म्हटलं, सोमवारच्या आधी हातात दिलं नाहीस तर पुढचं मीठ माझ्या फाट्यावर उतरवू देणार नाही. तो म्हणाला, मावशी, मीठ तुमचं नाही. मी म्हटलं, फाटा तर आहे.

तू ओ दिली नाहीस, ते नीट केलंस. दिली असतीस तर मला ते इथं कळलं असतं.

मासे पोचले. दोन मी खाल्ले, बाकी उंच टांगून ठेवले आहेत.

पक्षी बघायला जाणार म्हणतोस. जा. एकाला अडवून काय मिळालं ते मी पाहिलं. पण मला एक सांग, त्या धक्क्यावर इरुंबा हे नाव कुणाला माहीत आहे का? होईमाच्या मामाचं गाव कुणाला माहीत आहे का? नसेल तर निघण्याआधी अतेन्यीला सांग, आणि रुवेंगोचा फाटाही सांग. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घे, म्हाताऱ्या माणसांना एकदा सांगितलेलं राहत नाही. आणि दलदलीत जाशील तिथंही पहिल्या माणसाला हेच सांग. बारा नावांवर विसंबून पाण्यात उतरायचं नसतं.

वही टपालात देऊ नकोस. तिथून माझं घर त्या दलदलीच्या उलट्या दिशेला आहे, हे मला ठाऊक आहे; तुझ्यासारख्याला उलटी दिशा जड जाऊ नये. कालवड मोठी झाली आहे. तो कोकीळ या वर्षी उशिरापर्यंत ओरडतो आहे आणि इथं निजायला म्हातारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा बुडाची नाचणी कुणीतरी खायला हवी. अंगणात आलास की मी तुझं लाडनाव विचारीन. ठाऊक असलं तरी विचारीन. सांगायला लाजू नकोस.

वाट वाकडी करून यावं, आणि नाहीच जमलं तर जिथं असशील तिथून नावानिशी दोन ओळी पाठवाव्या.

अब्वोली

ता. क. पाकिटावर या वेळी तुझी दोन्ही नावं लिहिली आहेत, म्हणजे दुसऱ्या कुणी फोडायला नको.